कॉम्प्युटर चालता चालता खटकन बंद पडतोय (घरी जोडलेला, उद्यमनगर)

पॅटर्नवाला · मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून धागा काढतोय. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

घर कोल्हापूरच्या उद्यमनगरात. खाली चुलतभावाचं प्रेसशॉप, वर आम्ही. मी फौंड्रीच्या पॅटर्नची ड्रॉइंग करतो, सगळं काम कॅडवर. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याला हाताशी घेऊन डेस्कटॉप घरीच जोडला. प्रोसेसर रायझन ५ ५६००, बी-४५० चा बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ५५० वॉटचा ब्राँझ पीएसयू (आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), एक एसएसडी, एक जुनी हार्डडिस्क. दोन वर्षांत एकदा कुरकुर नाही.

जूनच्या शेवटापासून काम चालू असताना खटकन बंद पडायला लागलाय. निळा स्क्रीन नाही, मेसेज नाही. फॅन थांबतात, कीबोर्डचा दिवा जातो, संपलं. लाईट गेल्यावर होतं तसंच, फक्त लाईट गेलेली नसते. डोक्यावर पंखा फिरत असतो. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही. जोर पडला की होतं म्हणावं तर तसंही नाही, परवा नुसती ई-मेल वाचत होतो. काल एका पंपाच्या केसिंगचं दोन तासांचं काम गेलं. (ऑटोसेव्हबद्दल बायको बोलून झालीय, तुम्ही नका बोलू.)

काय काय केलंय: मे अखेरीला, पावसाच्या आधी, ब्लोअर मारून धूळ काढली. मागच्या बाजूला लोंबणाऱ्या सगळ्या वायरी टाय मारून बसवल्या, आतून एकदम चकाचक आहे. प्रोसेसरची पेस्ट नवी. बंद पडायला लागल्यावर रॅम काढून, खोडरबरने पुसून परत लावल्या, रात्रभर मेमटेस्ट चालवला, एकही चूक नाही. व्हायरस स्कॅन झाला.

आता काय बघू?

तांबडारस्सा · मंगळवार, रात्री १०:४४

पीएसयू. पुढचं वाचलंच नाही. भावा, पीएसयू बदल आणि झोप निवांत.

नवाकोरा · मंगळवार, रात्री ११:०२

माझा लॅपटॉपपण असाच बंद पडतो, चार्जर काढला की. काय करू?

कळंबारोड · मंगळवार, रात्री ११:०५

@नवाकोरा बॅटरी संपलीय. नवीन धागा काढ बाबा.

सोल्डर · बुधवार, सकाळी ८:१५

रस्सा, थांब की जरा. नाडी न बघता पुडी बांधायची सवय बरी नव्हं.

पॅटर्नवाले, मी राजारामपुरीत वीस वर्षं रिपेरीचं दुकान चालवतोय. "अचानक बंद पडतो" म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तीन प्रश्न विचारतो:

बंद पडल्यावर आपोआप परत उठतो, की मेल्यासारखा पडून राहतो?
पुढचं बटण दाबल्यावर लगेच उठतो, की मागचा स्विच बंद-चालू करावा लागतो?
बंद पडायच्या क्षणी प्रोसेसरचं तापमान किती होतं?

का विचारतोय तेही सांगतो. आपोआप उठला तर विंडोजनं स्वतः रीस्टार्ट मारलेला असतो, नाहीतर रीसेटच्या वायरीत भानगड असते. पडून राहिला आणि मागचा स्विच खेळवल्याशिवाय उठला नाही, तर संशय पीएसयूवर. त्याच्या आत राखणदार बसलेले असतात, करंट जास्त, व्होल्टेज जास्त, व्होल्टेज कमी, शॉर्ट. एकानं हात वर केला की सप्लाय तुटतो, आणि बऱ्याच पीएसयूंत आतला साठा उतरेपर्यंत तो कुलूप लावून बसतो.

तापमानाचं निराळं. प्रोसेसर एकदम जीव सोडत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका, तसंच इथं. ५६०० ची मर्यादा ९० अंश. तिथं पोचला की आधी वेग कमी करतो, मशीन रडत-रखडत चालतं. त्याच्याही वर गेलं तरच खटका पडतो. म्हणजे उष्णतेनं बंद पडणारं मशीन आधी मंद झालेलं दिसतं. तुमचं तसं वाटत नाही, तरी आकडा बघा.

पॅटर्नवाला · बुधवार, रात्री ९:३०

दादा, आज दुपारी परत पडला, त्यामुळे ताजी उत्तरं.

पडून राहतो, आपोआप उठत नाही. पुढचं बटण दाबून काही होत नाही, कितीही दाबा. कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटून आहे, मागचा स्विच गाठायला अख्खं धूड ओढून बाहेर काढावं लागतं. स्विच बंद करतो, दहा आकडे मोजतो, चालू करतो, मग बटण दाबलं की पहिल्या झटक्यात उठतो. तापमान एचडब्ल्यूइन्फोच्या लॉगमध्ये शेवटची नोंद ५१ अंश.

सोल्डर · बुधवार, रात्री १०:१०

मग माझंपण बोट पीएसयूकडंच जातंय. रस्सा, लगेच नाचू नको.

हिशोब बघा. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो, १६६० सुपर १२५. बोर्ड, रॅम, डिस्क, फॅन धरून वर पन्नास टाका. अडीचशे. तुमचा ५५० चा आहे. म्हणजे तो लहान पडत नाही, त्याच्या आत काहीतरी बिघडलं असावं.

घरात मल्टीमीटर असेल तर हार्डडिस्कला जाणाऱ्या चार तारांच्या जुन्या प्लगात पिवळी आणि काळी यांच्यामध्ये बघा. १२ व्होल्टला पाच टक्के सूट आहे, म्हणजे ११.४० ते १२.६०. लाल-काळीत ४.७५ ते ५.२५. आकडे बरोबर आले म्हणून पीएसयू सुटला असं मात्र नाही. हजाराव्या सेकंदाची बुडी मीटरला दिसत नाही. क्लिप लावून फॅन फिरवून बघायची जी युक्ती सगळे सांगतात, तीपण एवढंच सांगते की तो जिवंत आहे. ओझं उचलतो की नाही ते सांगत नाही.

आणि हात जोडून एक विनंती. पीएसयूचं झाकण उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट बसून असतात. कुणाचा तरी उसना लावून बघा.

पॅटर्नवाला · शुक्रवार, सायं. ७:२०

मीटरवर १२.०९, गेम चालू असताना ११.९८. पाचवाली ५.०३. उसना कुठं मिळाला नाही आणि सोमवारी एक ड्रॉइंग द्यायचंय, म्हणून शाहूपुरीतून ६५० वॉटचा नवा घेऊन आलो. साडेचार हजार गेले. लावला, ओसीसीटीची पॉवर टेस्ट एक तास चालवली. हूं की चूं नाही.

तांबडारस्सा · शुक्रवार, सायं. ७:२२

उधळा गुलाल!! पहिल्याच मिनिटाला सांगितलेलं की नाही? मिसळ कुठं, ते सांगा.

पॅटर्नवाला · सोमवार, दुपारी १२:०५

गुलाल झाडून ठेवा.

आत्ता पडला. ११:१७ ला. ड्रॉइंग सकाळीच पाठवलं होतं, एवढंच नशीब. तसाच पडून राहिला, बटणाला दाद नाही, ओढून बाहेर काढला, स्विच, दहा आकडे, चालू.

अर्थिंगअण्णा · सोमवार, दुपारी १:३०

हे होणारच होतं. सगळे आतमध्ये बघतायत, भिंतीकडं कुणी बघत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी हात लावल्यावर झिणझिण्या येतात का?

पॅटर्नवाला · सोमवार, दुपारी १:४१

येतात! पावसाळ्यात जास्त. मला वाटलं सगळ्यांनाच येतात.

अर्थिंगअण्णा · सोमवार, दुपारी २:००

सगळ्यांना येत नाहीत. पीएसयूच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती मुकाट जमिनीत जाते. नसेल तर पत्रा मधेच लोंबकळतो, साधारण अर्ध्या व्होल्टेजला, ११०-११५. करंट नखाएवढा, म्हणून नुसती मुंगी चावते. पण ती मुंगी सांगते की तुमची हिरवी वायर कुठं पोचलेलीच नाही.

सॉकेटमध्ये तीन मापं घ्या, जपून. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळजवळ सारखी पाहिजेत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. जमत नसेल तर वायरमन बोलवा, सॉकेटशी खेळ करू नका.

तांबडारस्सा · सोमवार, दुपारी २:०३

अण्णा, मागच्या वर्षी माझा प्रिंटर कागद ओढत नव्हता तेव्हापण तुम्ही अर्थिंगच सांगितलेलं.

अर्थिंगअण्णा · सोमवार, दुपारी २:१०

बघितलंस का पण?

पॅटर्नवाला · मंगळवार, रात्री ८:५०

वायरमन येऊन गेला. फेज-न्यूट्रल २३६, फेज-अर्थ १५०, न्यूट्रल-अर्थ ८४. बोर्ड उघडला तर हिरवी वायर स्क्रूखालून निसटून आत नुसती उभी होती. कधीपासून, देव जाणे. कसून दिली. आता २३६, २३५ आणि दीड. झिणझिण्या गायब. अण्णा, तुमचे उपकार, घरात लहान मुलगी आहे.

आता दुसरं. परवापासून वहीत नोंद ठेवायला लागलोय आणि मागच्यापण आठवून लिहिल्या. तारीख, वेळ, काय चालू होतं. त्यातून एक दिसलं. नऊ वेळा पडलाय आणि एकदाही रात्री नाही. सगळ्या वेळा सकाळी दहा ते एक, नाहीतर तीन ते सहा. मधे दोन दिवस खाली प्रेसचा बेल्ट तुटला म्हणून शॉप बंद होतं, ते दोन दिवस काहीच झालं नाही. रविवारी कधीच नाही.

अर्थिंगअण्णा · मंगळवार, रात्री ९:०५

झालं तर! खाली मोटर चालू होताना सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढते, लाईनचा व्होल्टेज क्षणभर बसतो. वेल्डिंग असेल तर विचारूच नका. यूपीएस लावा.

कळंबारोड · मंगळवार, रात्री ९:२०

यूपीएस कशाला, इन्व्हर्टर आहे का घरात? त्यावर टाकायचा.

सोल्डर · मंगळवार, रात्री ९:४८

इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा खटका असेल आणि तो त्या बाजूला असेल तरच. पन्नास हर्ट्झला विजेचा एक फेरा वीस मिलिसेकंदांचा. पीएसयू स्वतःच्या साठ्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे एक फेरासुद्धा पुरा नाही. साध्या मोडवर पंखा-ट्यूबला बदल कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो.

पण अण्णा, एक गोष्ट मला पटत नाही. व्होल्टेज बसून बंद पडला असता तर लाईन आल्यावर पुढच्या बटणानं उठला असता. यांचा उठत नाही. आता तर पीएसयूपण नवा. दोन निरनिराळे पीएसयू एकाच तऱ्हेनं कुलूप लावून बसतात, म्हणजे बोर्डावर कुठंतरी शॉर्ट असावा.

पॅटर्नवाले, बायोसमध्ये (बोर्डाची स्वतःची सेटिंग, विंडोजच्या आधी उघडते ती) "रीस्टोअर एसी पॉवर लॉस" अशा काहीशा नावाचा पर्याय असेल, तो "पॉवर ऑन" ला ठेवा. मग लाईन तुटून आली तर मशीन आपलं आपण उठेल. उठलं नाही तर लाईनचा संबंध नाही. फुकटातली परीक्षा आहे.

पॅटर्नवाला · गुरुवार, दुपारी ४:१५

दोन्ही केलं. मेव्हण्याचा एक हजार व्हीएचा यूपीएस आणला, मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही त्यावर. बायोसमधला पर्याय बदलला, भिंतीचा स्विच आणि यूपीएस दोन्ही बंद करून चालू करून बघितला, मशीन आपोआप उठलं. म्हणजे पर्याय चालतो.

आज ३:५२ ला पडला. यूपीएसनं टूं सुद्धा केलं नाही. मॉनिटर चालूच, "नो सिग्नल" दाखवत बसलेला. कॅबिनेट मात्र मढ्यासारखं.

म्हणजे लाईन नाही. पीएसयू नाही. रॅम नाही. उष्णता नाही. आता बोर्ड बदलायचा का? बोर्ड म्हणजे सहा-सात हजार. खरं सांगतो, हिंमत होत नाहीये.

तांबडारस्सा · गुरुवार, दुपारी ४:३०

च्यायला. विषय हार्ड झाला. आता चेष्टा करत नाही.

रात्रपाळी · शुक्रवार, पहाटे ३:१२

मूळची कसबा बावड्याची, सध्या पुण्यात सर्व्हर सांभाळते, म्हणून ही वेळ. धागा वरपासून वाचला. बोर्ड घेऊ नका, आधी दोन मिनिटं द्या.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. लाल खुणेच्या "कर्नल-पॉवर ४१" अशा नोंदी दिसतील, प्रत्येक वेळी एक. त्या बंद पडताना होत नाहीत. पुढच्या वेळी चालू झाल्यावर विंडोज लिहितं, "मागच्या खेपेला मी नीट बंद झालो नव्हतो". त्यामुळे नुसत्या ४१ वर काही ठरवता येत नाही. लोक ४१ बघून पीएसयू बदलत सुटतात ते त्यामुळेच.

त्या नोंदीवर डबल क्लिक करून "डिटेल्स" चा टॅब बघा. तिथली दोन नावं हवीत. "बगचेककोड", निळा स्क्रीन आला असेल तर त्यात आकडा असतो, तुमचा शून्य असणार. आणि "पॉवरबटनटाइमस्टॅम्प". तो किती आहे?

पॅटर्नवाला · शुक्रवार, सकाळी ७:५०

ताई, बगचेककोड शून्य. दुसऱ्यासमोर १३३ ने सुरू होणारा लांबलचक आकडा आहे, मोजला तर अठरा अंक. वरच्या चार नोंदींत असाच आहे, शेवटचे अंक वेगळे.

रात्रपाळी · शुक्रवार, सकाळी ८:०५

झोपायला चालले होते, आता झोप उडाली.

तो आकडा म्हणजे वेळ आहे. विंडोज १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंदांनी मोजतं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या २९ वर्षं आधीपासून. पॉवरचं बटण दाबलं गेल्याची वेळ तिथं बसते. सोमवारच्या नोंदीतला आकडा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, उलगडून सांगते.

रात्रपाळी · शुक्रवार, सकाळी ८:२०

सोमवार, सकाळी ११ वाजून १७ मिनिटं. तुमच्या वहीतली वेळ हीच ना?

तुमचं मशीन बंद "पडत" नाहीये. कुणीतरी बटण दाबून धरतंय.

पॅटर्नवाला · शुक्रवार, सकाळी ८:३१

ताई, ते शक्य नाही. सोमवारी खोलीत मी एकटा होतो, मुलगी शाळेत. शिवाय ती येता-जाता बटण दाबायची म्हणून मी वर्षभरापूर्वीच पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बटणाला "डू नथिंग" लावून ठेवलंय. बटण दाबलं तरी काही होत नाही!

रात्रपाळी · शुक्रवार, सकाळी ८:४५

तिथंच गंमत आहे. "डू नथिंग" हे तुम्ही विंडोजला सांगितलंय. बटण चार सेकंद दाबून धरलं तर पुरवठा तोडायचं काम मदरबोर्ड स्वतः करतो, विंडोजला विचारत नाही. मशीन गोठल्यावर आपण तेच करतो ना.

तो पर्याय लावलेला नसता तर दाबल्या दाबल्या "शटिंग डाऊन" दिसलं असतं आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता बारीकसारीक दाबणं विंडोज गिळून टाकतं, आणि चार सेकंदांच्या वर गेलं की थेट अंधार.

माणसानं दाबायची गरज नाही. बटणातून बोर्डापर्यंत दोन वायरी येतात. एकीवर थोडा व्होल्टेज असतो, दुसरी ग्राउंड. बटण म्हणजे या दोघींची गाठ घालून देणं, बाकी काही नाही. आणि कॅबिनेटचा पत्रा म्हणजेही ग्राउंडच. पहिली वायर कुठं सोलली असेल आणि पत्र्याला टेकली, तरी बोर्डाला वाटतं बटण दाबलंय.

मे महिन्यात मागच्या वायरी टाय मारून कुणी बसवल्या?

सोल्डर · शुक्रवार, सकाळी ९:१०

ताई, दंडवत.

आणि चूक माझी. "स्विच बंद करून दहा आकडे मोजले की उठतो" हे मी पीएसयूच्या खात्यावर मांडलं. त्याच वाक्याच्या आधी यांनी लिहिलंय की धूड ओढून बाहेर काढावं लागतं. ओढताना पत्रा हलला, वायर सुटली, म्हणून उठला. स्विचचा काही संबंध नव्हता. आणि वायर टेकलेली असताना पुढचं बटण दाबून काही होणारच नाही, बोर्डाच्या दृष्टीनं ते आधीच दाबलेलं आहे. वीस वर्षांचा रिपेरवाला म्हणून मिरवतोय मी.

पॅटर्नवाले, आता काही उघडायच्या आधी एक करा. मशीन बंद, मागचा स्विच बंद. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात बारीक पिनांचा पुंजका असतो, त्यातला "पॉवर एसडब्ल्यू" लिहिलेला दोन पिनांचा प्लग काढा. त्याच दोन पिनांवर "रीसेट एसडब्ल्यू" चा प्लग लावा. उलटसुलट चालतं, दोन्ही नुसते दाबबटण आहेत. आता रीसेटच्या बटणानं मशीन चालू होईल. पॉवरच्या वायरीचं तोंड टेपनं गुंडाळून बाजूला ठेवा आणि असंच वापरा. जागेवरून हलवू नका, खालचा प्रेस चालू असू दे.

तांबडारस्सा · शुक्रवार, सकाळी ९:१४

प्रेस!!! खाली प्रेस धडाडधूम करतोय आणि वर कॅबिनेट थरथरतंय. अण्णा, वेळ जुळली होती तुमची, पण वीज नव्हती ती, हादरे होते.

अर्थिंगअण्णा · शुक्रवार, सकाळी ९:४०

अर्थिंग सुटलेलंच होतं. एवढं लक्षात असू दे.

पॅटर्नवाला · गुरुवार, रात्री ९:१५

शनिवारपासून सहा दिवस झाले. रोज प्रेस चालू, खाली वॉशरची मोठी ऑर्डर आहे, दोन दिवस तर रात्री आठपर्यंत चालला. एकदाही बंद पडला नाही.

आज धीर करून उघडला. दरवाजाच्या उलट्या बाजूचं, उजवीकडचं झाकण. हार्डडिस्कच्या पिंजऱ्याच्या कडेवरून वायरींचा जुडगा खाली जातो आणि मी मे महिन्यात तो ताणून, टाय मारून, अगदी कडेलगत बसवला होता. झाकण लावताना नीट बसेना म्हणून गुडघा लावून दाबल्याचंही आठवतंय. टाय कापली. पॉवर एसडब्ल्यूच्या दोन वायरींपैकी एकीवर, पिंजऱ्याची कड जिथं लागते तिथं, प्लास्टिक चेपून चपटं झालेलं. नखानं फिरवून बघितलं तर तिळाएवढं तांबं चमकलं. पत्र्याच्या कडेलासुद्धा तेवढ्याच जागी रंग घासून गेलेला.

मीटर बीपला लावला, एक टोक त्या प्लगात, एक पत्र्याला. शांत. तळहातानं जुडगा कडेवर हलकेच दाबला, बीप. सोडला, तरी दोन-तीन सेकंद बीप चालूच राहिला, मग थांबला. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, याच्यासाठी साडेचार हजार?

वायर कापून, तिथं श्रिंक ट्यूब घालून, लायटरनं आवळून परत जोडली. जुडगा सैल सोडलाय, कडेवर जुन्या सायकल ट्यूबची पट्टी चिकटवली. पॉवर आणि रीसेट जागच्या जागी. "डू नथिंग" काढून "शट डाऊन" केलंय, परत कधी टेकली तर निदान समोर दिसेल.

रात्रपाळीताई, बावड्याला आलात की उद्यमनगरात यायचंच. सोल्डरदादा, अण्णा, तुम्हीपण.

तांबडारस्सा · गुरुवार, रात्री ९:१८

आणि मी?

पॅटर्नवाला · गुरुवार, रात्री ९:२०

मिसळीचे पैसे तू देणार आहेस. पीएसयू कुणी सांगितलेला?

सोल्डर · गुरुवार, रात्री ९:४५

@तांबडारस्सा अर्धे माझ्याकडून घे.

श्रिंक ट्यूब चांगली. पण खाली प्रेस आहे तर कॅबिनेटच्या पायांखाली रबराचे तुकडे टाका, आणि जुन्या हार्डडिस्कवरचा डेटा आठवडाभरात दुसरीकडं घ्या. फिरणारी तबकडी आहे ती, दोन वर्षं हादरे खातेय.

रात्रपाळी · शुक्रवार, पहाटे ४:०२

सोडवलंत त्याचा आनंद झाला. सायकल ट्यूबची पट्टी मला फार आवडली. आमच्याकडं रॅकमध्ये तेवढ्याच कामाला कॅटलॉगमधून मागवलेली पट्टी येते.

नवाकोरा · शुक्रवार, सकाळी ७:३५

दादा, मी आता लॅपटॉप सोडून डेस्कटॉपच जोडतोय. जुना ५५० वाला पीएसयू विकणार का?

पॅटर्नवाला · शुक्रवार, सकाळी ८:००

विकणार की. दोन वर्षं वापरलाय, बिघाड कसलाच नव्हता, आता सगळ्या गावाला माहीत आहे. शॉप उघडल्यावर ये, दहानंतर. खालीच कुणालाही विचार, आवाजावरून घर सापडेल.